पाच कोंबड्या आणि एक शिक्का

"शिस्त ढळली की साम्राज्यं कोसळतात," हेडक्लार्क म्हणाले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हे वाक्य कारकुनांच्या तीन पिढ्यांना ऐकवलं होतं. निवृत्तीनंतर श्रोते म्हणून परसातल्या पाच पांढऱ्या कोंबड्या तेवढ्या उरल्या होत्या. त्यांतली एक ऐन वाक्यात शिंकली.

हेडक्लार्क थबकले. कोंबडी पुन्हा शिंकली. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस होता आणि श्वासाबरोबर छातीतून घरघर येत होती, बाटलीच्या तळाशी उरलेलं पाणी हलवावं तशी.

"अगं, हिला सर्दी झालेली दिसतेय."

"महिना झाला," पत्नी भांडी विसळता विसळता म्हणाली. "रोज सांगतेय."

"तोंडी सांगितलंस. लक्षात कसं राहणार?"

"मग आता लिहून देते. रविवारपर्यंत ही घरघर थांबली नाही, तर पाचही जणी कोपऱ्यावरच्या कोंबडीवाल्याकडे जातील. घरात तुम्ही घोरता तेवढं मला पुरे आहे."

हेडक्लार्कांचा चेहरा पडला. आपण आलो की उठून उभं राहणारं आता जगात दुसरं कोणी नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी लगेच गुरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"आजारी कोंबडी वेगळी काढा," बाई म्हणाल्या. "औषध देते, ते पिण्याच्या पाण्यात घालायचं. पाच दिवस दुसरं पाणी ठेवायचं नाही. आणि बाकीच्यांनाही..."

"बाकीच्यांचा संबंध नाही. प्रकरण एकीचंच आहे," असं म्हणून हेडक्लार्कांनी फोन ठेवला. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणं त्यांच्या खात्यात कधी बसलं नव्हतं.

आता पाच पांढऱ्या कोंबड्यांत प्रकरण कुठलं, हे लक्षात राहायला हवं. त्यांनी पायाला लाल दोरा बांधला. कोंबडीने तो खाल्ला. मग त्यांनी कपाटातून शाईची गादी आणि जुना शिक्का काढला आणि तिच्या पाठीवर ठळक अक्षरांत 'तातडीचे' असं उमटवलं. अंधार पडत आला होता, म्हणून हलवाहलव सकाळवर ठेवली.

खुराड्यात कोंबड्या एकमेकींना चिकटून झोपतात, आणि शिक्क्याची शाई लवकर वाळत नाही. सकाळी पाहतात तो पाचही जणी तातडीच्या. एकीच्या अंगावर सुलट, दोघींच्या उलट, आणि उरलेल्या दोघींवर नुसती जांभळी शंका.

"आता काय हो?" पत्नीने विचारलं.

"जी शिंकेल ती," हेडक्लार्क म्हणाले आणि स्टूल टाकून बसले.

तासाभराने एक शिंकली. तिची रवानगी बाथरूममध्ये झाली, कारण घरात कडी लागणारी आणि फरशी धुता येणारी तेवढीच खोली होती. औषधाचं पाणी तिच्यापुढे ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाथरूममधली गप्प होती आणि खुराड्यात वेगळीच शिंकली. अर्थातच पहिली बरी झाली. तिला सोडून दुसरीला आत घेतलं. तिसऱ्या दिवशी तिसरी. चौथ्या दिवशी खुराड्यातून जी शिंकली ती पहिलीच असावी असं पत्नीचं म्हणणं पडलं.

"ती नाही. पहिली चालताना मान तिरकी करते."

"सगळ्याच करतात. तुम्ही भाषण देता ना तिथे."

या काळात नवराबायको आंघोळीला शेजारच्या ड्रिलमास्तरांकडे जात होते. पहिल्या दिवशी मास्तरांनी हसून दार उघडलं, दुसऱ्या दिवशी नुसतं उघडलं, तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, आमच्याकडे आज पाणी गेलंय." आत नळ सुरू होता.

"अहो, मला एक सांगा," वाटेत पत्नी म्हणाली. "आजारी कोण आहे?"

हेडक्लार्कांनी वही उघडली. नोंदी चोख होत्या. कोण आत गेलं, कधी गेलं, कधी बाहेर आलं. फक्त ती कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

रविवारी त्यांनी डॉक्टरीणबाईंनाच घरी बोलावलं. बाईंनी एकेक कोंबडी उचलून छातीला कान लावला, मग खुराड्यात डोकं घातलं आणि नाक दाबून बाहेर काढलं. वारा लागू नये म्हणून हेडक्लार्कांनी तिथली प्रत्येक फट फायलींच्या पुठ्ठ्यांनी बंद केली होती.

"यांना श्वास घ्यायला जागा ठेवली नाहीत तुम्ही. आणि पाचही आजारी आहेत. शिक्का बरोबर मारलाय."

"पण औषध तर दिलं ना," हेडक्लार्क पुटपुटले.

"एकेकीला एकेक दिवस. म्हणजे कुणालाच नाही. आता पाचही जणींना पहिल्यापासून. खुराडं धुऊन पूर्ण वाळेपर्यंत आत सोडायचं नाही."

पत्नीने पदर खोचला. "डॉक्टर, त्यापेक्षा मी आजच कोंबडीवाल्याला देते सगळ्या."

हेडक्लार्क खाली बघू लागले. पायाशी एक कोंबडी येऊन उभी राहिली. कुठली, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"छे, छे. औषध पोटात असताना मांस चालत नाही. मी सांगेपर्यंत अंडीही खायची नाहीत."

"मग माझ्या बहिणीकडे पाठवते. तिच्याकडे आहेत कोंबड्या."

"त्याही आजारी पडतील. हा आजार एकदा शिरला की अंगात मुरतो. उद्या ठणठणीत दिसल्या तरी दुसऱ्यांना देतच राहणार. यांना कुणाला द्यायचं नाही, विकायचं नाही, यांच्यात नवीन आणायची नाही. जगतील तितकी वर्षं इथेच."

"किती जगतात?" पत्नीने विचारलं.

"नीट सांभाळलं तर सात-आठ वर्षं."

हेडक्लार्कांनी हे बाईंकडून कागदावर लिहून घेतलं, खाली सही घेतली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. मग पाचही जणींना एकेक करून, शिस्तीचं ते वाक्य कुठेही न अडखळता ऐकवत, बाथरूममध्ये नेलं.

पत्नी दारात येऊन उभी राहिली. आत चौघी पाणी पीत होत्या आणि पाचवी खिडकीखाली ऐसपैस बसली होती.

"अहो," ती म्हणाली, "तिच्याखालचा माझा टॉवेल तेवढा काढून द्या."