होडीच्या पाठीवरचे हात

यंदा नदी घरात आली तरी बेहत्तर, आपली तयारी झाली आहे, असं नेमगोंडा मे महिन्यातच शिरोळभर सांगत सुटला होता. नदी घरात येणं ही शिरोळात काही नवलाची गोष्ट नव्हे. नवल होतं ते त्याच्या घरामागच्या परड्यात. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्याने तिथे प्लायवूडची होडी बांधली होती. आयुष्यात उसाशिवाय दुसरं काही उभं न केलेल्या माणसाची होडी ती. पण ती होडीसारखी दिसते, हे त्याच्या बायकोनेसुद्धा मान्य केलं होतं, आणि अरुणा सहसा काही मान्य करत नसे.

या होडीचं मूळ म्हणजे आक्का. आक्का ही नेमगोंडाची आई. सगळी गल्ली तिला आक्का म्हणते म्हणून तोही आक्काच म्हणतो. मागच्या महापुरात सुटकेची रबरी बोट दारात आली, तेव्हा आक्काने ती बोटाने दाबून बघितली आणि म्हणाली, "ह्या फुग्यात मी बसनार न्हाय." बोटवाल्यांनी हात जोडले, साहेबांनी दम भरला, पण आक्का हलली नाही. ती हलली नाही म्हणून घर हललं नाही, आणि पाणी उतरेपर्यंत सगळ्यांनी गच्चीवर म्हशीशेजारी संसार केला. खाली घरात कमरेच्या वर पाणी आणि वर आक्काची जपमाळ. त्या दिवसांत नेमगोंडा जितका घाबरला तितका कधी घाबरला नव्हता. आक्का ज्यात बसेल अशी होडी बांधायचीच, असं त्याने तिथेच ठरवलं. आक्का म्हणाली होती, "लाकडाची कर. मग बघू."

त्या 'बघू'साठी हा गडी आता पालथ्या होडीवर पॉलिश पेपर घासत होता. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. भुसा एवढा उडाला की म्हैस शिंकायला लागली, आणि आमटीत काय पडलंय ते कुणी विचारायचं नाही, असा हुकूम अरुणाने काढला.

पण काय पाठ निघाली होडीची! हात ठेवला की तो आपोआप पुढे घसरायचा. नेमगोंडाला स्वतःलाच खरं वाटेना. जेवता जेवता तो उठून जायचा आणि एकदा हात फिरवून यायचा. गल्लीतली माणसंही आली आणि बाजारात बैलाच्या अंगावरून फिरवावा तसा हात फिरवून गेली. शाळेपासूनचा दोस्त अल्लाउद्दीन उसाच्या ट्रॉल्या रंगवतो. त्याने तर दोन्ही तळव्यांनी होडी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली.

"नेमू, लेका, ह्ये लाकूड हाय का लोणी?" शेवटी तो म्हणाला. "आता कुणाला हात लावू देऊ नको. सकाळी चांगलं पुसून घे आणि प्रायमर मार."

आक्का तेवढी जवळ आली नाही. दारातूनच म्हणाली, "बघू."

सकाळी डेअरीला दूध घालून नेमगोंडा परड्यात आला, तर होडी ठिकठिकाणी चमकत होती. ही चमक आपल्या घासण्याची, अशी त्याची खात्री झाली. इतक्या चकचकीत अंगाला पुसायचं काय, म्हणून त्याने फडकं बाजूला टाकलं आणि सगळ्या होडीवर पांढराशुभ्र प्रायमर मारून तो चहाला गेला.

चहा पिऊन आला आणि जागीच थांबला. पांढऱ्या पाठीवर हात उमटले होते. माणसाचे हात! पाचही बोटं स्पष्ट. दोन्ही खांद्यांवर, पाठीवर, कुशीवर, जिथे तिथे प्रायमर मागे सरला होता आणि आतलं तपकिरी लाकूड पंजासारखं उघडं पडलं होतं. नेमगोंडाच्या अंगावर काटा आला.

शेजारच्या झुंबरबाईने कुंपणावरून बघितलं. तिच्या हातातली बादली पडली. त्यानंतर गल्लीला वेगळं सांगायची गरज उरली नाही.

दुपारपर्यंत होडीला हळदीकुंकू लागलं. नारळ आले, हार आले. कुणी उदबत्ती पेटवली तेव्हा अरुणा ओरडत धावली, "आवो, थिनरचा डबा हाय तिथं!" अल्लाउद्दीन आला आणि त्याने दर्ग्यात बांधतात तसा डोक्याला रुमाल बांधला. कागलहून कुणाचे तरी नातेवाईक जीप करून आले. "पावणं, चपला भाईर काढा," झुंबरबाईने त्यांना दटावलं. सरपंचकीच्या तयारीत असलेला उदयसिंह आधी संशयाने म्हणाला, "पंजाचा प्रचार कोन करतंय हितं?" मग गर्दी बघून त्याने स्वतःच मांडव सांगितला.

नेमगोंडाने अल्लाउद्दीनला बाजूला घेतलं. "पेपर मारून काढू की ह्ये. आठवड्यात पाऊस लागंल."

"माज्या हातनं न्हाय व्हायचं," अल्लाउद्दीन म्हणाला. "ह्याच्यावर पेपर? तूच मार, आणि मारायच्या आदी मला गावाभाईर जाऊ दे."

त्यात उदयसिंहाने जाहीर केलं की असली होडी पाण्यात घालायची नसते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, आक्का लांब उभी राहून हात जोडत होती.

"आक्का, तू बसनार हाईस न्हवं ह्यात?"

"आता कसं बसू? पाय लागंल की."

नेमगोंडाला रडू यायचं बाकी राहिलं. महापूर येणार, होडी मांडवात नारळ खाणार आणि आक्का परत गच्चीवर बसणार. तो हताश होऊन होडीला टेकला. समोरच एक पंजा होता. त्याची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. शेजारच्या पंजाचीही तशीच. म्हशीच्या दाव्यात अडकून वाकडी झालेली ती करंगळी नेमगोंडा लहानपणापासून बघत आला होता. त्याच हाताने तर त्याला घास भरवले होते.

त्याने आक्काला हाताला धरून आणलं आणि तिचा तळवा पंजावर ठेवला. तंतोतंत बसला.

"आगं, तू केलंस काय ह्ये?"

"तेल लावलं," आक्का म्हणाली. "तू डेअरीला गेलतास तवा. बेंदराच्या सणाला बैलाला तेल चोळत न्हाय व्हय? एवढ्या पाण्यात कामाला जुपायची तिला, आणि अंग कोरडं ठिवायचं?"

"मग हात का जोडत हुतीस?"

"समदी जोडत्यात म्हटल्यावर मीबी जोडलं. माजाच हात हाय, ह्ये मला काय ठावं!"

गर्दी पांगायला वेळ लागला नाही. झुंबरबाई तर आपला न फोडलेला नारळ परत घेऊन गेली. उदयसिंहाने मांडवाच्या बिलाची गोष्ट काढलीच नाही.

नेमगोंडा मात्र तिथेच उभा राहिला. एकही खांदा, एकही कूस सुटली नव्हती. तोंडाने नुसतं 'बघू' म्हणणारी म्हातारी करडईच्या तेलाची वाटी घेऊन, गुडघे दुखत असताना, सगळ्या होडीभोवती फिरली होती. सकाळी आला होता त्याहून मोठा काटा आता त्याच्या अंगावर आला. "पेपर मारायला जीव हुईना बघ," तो अल्लाउद्दीनला म्हणाला.

"मारावा लागंल. तेलावर प्रायमर धरत न्हाय."

मग दोघांनी मिळून सगळं खरवडलं, थिनरने पुसलं, पुन्हा घासलं, पुन्हा प्रायमर मारला. आक्काला तेलाच्या वाटीसकट स्वयंपाकघरात बसवून अरुणा दारात पाट टाकून राखणीला बसली. पाठ वाळल्यावर होडी सुलटी केली आणि नेमगोंडाने आतूनही पांढरा हात दिला, बसायच्या फळीलासुद्धा. नंतर तो ब्रश धुवायला गेला आणि अरुणा दूध उतू जातंय म्हणून उठली.

परत येऊन बघतो तर आक्का होडीत. फळीच्या मधोमध, पदर सावरून, गच्चीवर बसली होती तशीच ऐटीत.

"बसलो बघ," आक्का म्हणाली. "झ्याक हाय. फुग्यापरास बरी."

नेमगोंडाने कपाळाला हात लावला, पण तो हसत होता आणि डोळेही पुसत होता. आक्काला उठवायला दोन माणसं लागली आणि लुगडं थिनरला गेलं. फळीवर उमटलेल्या ठशावर त्याने पुन्हा प्रायमर मारला नाही, तसाच ठेवला. झुंबरबाई तो रोज कुंपणावरून बघते, पण त्याला मात्र कुणीही नारळ फोडलेला नाही.