तांदळाचं दप्तर

आमच्या शेजारचा अविनाश कर्णिक साठीला टेकलाय. डोक्यावर केस नाही, उजवा गुडघा दुखतो, आणि हा माणूस अधूनमधून पाठीवर जांभळं दप्तर लावून शाळेत जातो. दप्तर त्याच्या मुलीचं आहे. त्याच्या चेनला लोकरीचा ससा लोंबतो, त्याचा एक कान गेलाय. आत वह्या-पुस्तकं नसतात. पाच किलो तांदूळ असतात.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, नोकरी संपली आणि डोकं फिरलं. मी कुंपणावरून विचारलं, "काय रे, शाळेत निघालास? डबा घेतलास का?"

"तुलना करायला निघालोय, काकू," तो म्हणाला.

"कशाची?"

"दोन शाळांची. पाय काय म्हणतात ते बघू."

हे त्याचं पालुपद. कोणी काही विचारलं की पाय काय म्हणतात ते बघू. पाय त्याच्याशी काय बोलतात देव जाणे. माझे पाय मला एवढंच सांगतात की बस आता.

तुम्हाला इथली रीत सांगते, म्हणजे त्याचं वेड कळेल. न्यूझीलंडमध्ये सरकारी हायस्कूलं चांगली असतात. पण प्रत्येक शाळेचा एक झोन असतो. झोन म्हणजे वेस. वेशीच्या आत घर असेल तर तुमच्या पोराला ती शाळा घेतेच. वेशीबाहेर असाल तर चिठ्ठी टाका आणि नशिबाची वाट बघा. त्यामुळे लोक घर बघायला निघतात आणि शाळा बघून येतात. मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या गावात शाळा एक होती आणि मास्तरही एकच. तेही पेरणीच्या दिवसांत येत नसत. निवडायचं काय होतं?

इथे लोअर हट गावात येणारी मराठी मंडळी पुण्या-मुंबईची, कॉम्प्युटरवाली नाहीतर इंजिनिअर. नवीन कुटुंब आलं आणि त्यात दहा-बारा वर्षांचं पोर असलं की कोणीतरी कर्णिकचा नंबर देतंच. मग हा निघतो. शनिवार-रविवारी विकायची घरं तासभर उघडी ठेवतात, त्याला ओपन होम म्हणतात. आत जाताना बूट काढतात, ते मला आवडलं. बाकीचे लोक नळ सोडून बघतात, कपाटं उघडतात. कर्णिक थेट मागच्या दाराशी जाऊन उभा राहतो. एजंट बाई विचारते, काही दाखवू का? हा म्हणतो, "नको. मी इथून शाळेत निघतोय."

आणि खरंच निघतो. पाठीवर वह्या-पुस्तकांच्या वजनाचे तांदूळ घेऊन चालत शाळेच्या फाटकापर्यंत जातो. कुठे चढ आहे, कुठे फुटपाथ संपतो, कुठे भुंकणारं कुत्रं आहे, सगळं बघतो. मग शाळेच्या दिवशी पुन्हा जातो आणि तीन वाजता शाळा सुटते तेव्हा समोर उभा राहतो. असा म्हातारा फाटकासमोर दिसल्यावर कोण गप्प बसेल? एकदा एक मास्तरीण बाहेर आली. "किया ओरा," म्हणजे इथला नमस्कार, म्हणाली, "काही मदत हवी का?" हा म्हणाला, "मी फक्त तुलना करतोय." बाईने दप्तराकडे बघितलं, सशाकडे बघितलं, आणि ऑफिसात घेऊन गेली. तिथे याने सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चहा पाजला. आता ती बाई याला लांबून हात करते.

मागच्या वर्षी आमच्याच घरी हा विषय निघाला. माझी नात इरा हायस्कूलला जायची होती. आम्ही भाड्याच्या घरात, कर्णिकच्या भिंतीला भिंत लागून. नितीन आणि प्राजक्ता, म्हणजे माझा मुलगा आणि सून, यांना आता स्वतःचं घर घ्यायचं होतं. पलीकडच्या गल्लीत दोन घरं विकायला निघाली, एकमेकांसमोर. आणि वेस नेमकी त्या गल्लीच्या मधोमध. डावीकडच्या घराला टेकडीवरची शाळा, उजवीकडच्या घराला खालची. टेकडीवरच्या शाळेचं नाव मोठं. खालच्या शाळेचं नाव घेतलं की लोक म्हणत, "तशी बरी आहे."

मी दोन्ही घरं बघून आले. डावीकडच्या घराच्या भिंतींना नवा पांढरा रंग होता आणि रंगाखालून बुरशीचा वास येत होता. उजवीकडच्या घरात ऊन थेट ओट्यावर पडत होतं. इथे सूर्य उत्तरेकडून येतो, ते समजायला मला बरेच दिवस लागले. महाग मात्र ओल आलेलं घर.

"आई, ते घराचे पैसे नाहीत. ते शाळेचे आहेत," नितीन म्हणाला.

"मग शाळेतच राहायला जा."

प्राजक्ताला माझं बोलणं आवडलं नाही. तिचंही खरं होतं. पोरीसाठी सगळं सोडून एवढ्या लांब आलो आणि रस्ता ओलांडायचा तर चुकीच्या बाजूला ओलांडला, असं तिला होऊ द्यायचं नव्हतं. इराला कोणी विचारलं नव्हतं. तिची मेले नावाची मैत्रीण, टोंगा बेटांवरून आलेल्या कुटुंबातली, खालच्या शाळेत जाणार होती. इरा इंग्रजीत एकदाच म्हणाली की मला मेलेबरोबर जायचंय. प्राजक्ता म्हणाली, "मैत्रिणी काय, नवीन होतात."

मग कर्णिकला बोलावलं. तो चहाला आला, दप्तर दाराशी ठेवून बसला. प्राजक्ताने सुरुवातच केली, "अविनाशकाका, टेकडीवरच्या शाळेचं जुनं डेसाइल दहा होतं ना? दहापैकी दहा."

कर्णिक हसला. "मीही असंच वाचलं होतं," तो म्हणाला. "आपण मराठी माणसं आकडा दिसला की मार्क समजतो."

पूर्वी इथे प्रत्येक शाळेला एक ते दहा असा आकडा असायचा, तेच डेसाइल. आता सरकारने तो काढून टाकलाय. कर्णिक नवीन आला तेव्हा त्याने दहा बघितले आणि टेकडीवरच्या शाळेच्या वेशीत घर शोधलं. खिशाला परवडेल असं एकच मिळालं, वेशीच्या अगदी शेवटच्या टोकाला. तेच हे आमच्या शेजारचं. मुलगी गौरी तिथे दोन वर्षं शिकली तेव्हा ऑफिसातल्या कोणीतरी याला सांगितलं की तो आकडा शाळा कशी शिकवते ते सांगतच नाही. पोरांच्या घरची परिस्थिती कशी आहे, ते सांगतो.

"म्हणजे मार्क आईबापांच्या खिशाला होते," मी म्हणाले.

"हो, काकू. आणि माझ्या खिशाला त्यात किती मिळाले असते, ते मी विचारलं नाही."

नितीन हसला. प्राजक्ता हसली नाही. "पण शाळा वाईट नव्हती ना?" तिने विचारलं.

"अजिबात नाही. चांगली आहे. खालचीही चांगली आहे."

"मग घर कुठलं घेऊ ते सांगा."

"ते मी नाही सांगत. पाय काय म्हणतात ते बघू," म्हणाला, आणि इराकडे दप्तर सरकवलं. "चल."

त्या दिवशी इराच्या शाळेला सुट्टी होती. इरा, तो आणि मी निघालो. मी का, तर प्राजक्ताने डोळ्याने खुणावलं की जा म्हणून. टेकडीवरच्या शाळेची वाट आधी रुळांच्या कडेने जाते. एका बाजूला जाळीचं कुंपण आणि पलीकडे वेलिंग्टनला जाणारी गाडी, दुसऱ्या बाजूला गोदामांच्या भिंती. माणूस नाही, दार नाही. मग बोगद्यातून पलीकडे आणि पुढे चढ. इरा दप्तर सावरत म्हणाली, "बोअरिंग आहे, पण चालेल." फाटकापाशी पोरं सुटत होती. कर्णिक बघत राहिला.

"पोरं मोजतोस का रे?" मी विचारलं.

"नाही. एकटं कोण निघतं ते बघतो. दोन्ही शाळांत असतात, काकू. तुलना करून काही हाती लागत नाही."

"मग करतोस कशाला?"

तो परतीच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी खालच्या शाळेची वाट झाली. ती सपाट आहे, मधे डेअरी लागते. इथे कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात. मी पहिल्यांदा तिथे किटली घेऊन दूध आणायला गेले होते, ते हसणं अजून घरात चालू आहे. डेअरीसमोर मेले भेटली, अनवाणी. इथली पोरं घरात चांगले बूट असून अनवाणी फिरतात. आम्ही अनवाणी होतो कारण बूट नव्हते. मेलेने इराच्या पाठीवरचं दप्तर ओढलं, वजन बघून किंचाळली, आणि दोघी तांदूळ आळीपाळीने घेऊन पुढे पळाल्या. कर्णिक मागे राहिला. त्याचा गुडघा नेहमीपेक्षा जास्त दुखत असावा.

नितीन-प्राजक्ताचं तरीही ठरेना. दोन्ही घरांसाठी किती पैसे देणार तो आकडा पुढच्या आठवड्यात द्यायचा होता. प्राजक्ता डाव्या घराकडे झुकली होती. ओलीला उपाय असतो, म्हणाली.

रविवारी मी कर्णिकला थालीपीठं द्यायला गेले. इरा बरोबर होती, दप्तर परत करायला. कर्णिकची बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली. घर स्वच्छ असतं, पण जेवणाच्या टेबलावर एकाच खुर्चीसमोरचं कापड झिजलंय. गौरीचा पर्थहून फोन आला होता, स्पीकर लावलेला. दोघं हवामानावर बोलत होते. इकडे वारा आहे. तिकडे ऊन आहे. हं. मग बाकी? बाकी काही नाही.

असलं बोलणं माझ्याने ऐकवत नाही. मी फोनजवळ तोंड नेलं. "गौरी, मी शेजारची काकू. तू शाळेत कोणाबरोबर जायचीस गं?"

कर्णिकच्या हातातलं थालीपीठ तसंच राहिलं. तेव्हा मला कळलं की हा प्रश्न याने सगळ्या गावाच्या पोरांसाठी विचारला, पण हिला कधी विचारला नव्हता.

"मी?" गौरी हसली. "कोणाबरोबर नाही, काकू. एकटीच. बाकीच्या मुली वरच राहायच्या ना, टेकडीवर."

"मग रस्ताभर काय करायचीस?"

"काही नाही. रुळांजवळ थांबायचे. बाबांची ट्रेन जायची तिथून. ती गेली की मग पुढे. हात करायचे."

"रोज?"

"ऑलमोस्ट रोज. हीप्स ऑफ टाइम्स, कितीतरी वेळा उशीर झालाय मला त्यामुळे."

कर्णिक म्हणाला, "मला कधी बोलली नाहीस."

"अहो बाबा, तुम्ही दिसायचाच नाहीत. मी नुसता ट्रेनला हात करायचे. इट्स ओके."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ दप्तराची चेन लावत होता, उघडत होता. इरा सशाकडे बघत उभी होती. मी म्हटलं, "थालीपीठ गार होतंय."

"मी गाडीत दुसऱ्या बाजूला बसायचो, काकू," तो म्हणाला. "नवीन होतो तेव्हा दोन्ही बाजूंना बसून बघितलं होतं. त्या रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत डोळ्यावर ऊन यायचं. म्हणून पलीकडची बाजू ठरवली. पेपर वाचायला बरी पडायची." मग चेन उघडून म्हणाला, "तुलना करून ठरवली होती."

समजूत घालणं मला जमत नाही आणि ती घालण्यासारखी गोष्टही नव्हती. तांदूळ ओतायला डबा आणून दिला.

इराने घरी जाऊन आईला काय सांगितलं ते मला माहीत नाही, इंग्रजीत होतं आणि भराभर होतं. संध्याकाळी प्राजक्ता ओट्याशी कांदा चिरत होती. चिरता चिरता म्हणाली, "इरा, तू रोज कोणाबरोबर जाशील?" "मेलेबरोबर," इरा म्हणाली, मराठीत. प्राजक्ताने कांदा संपवला. मग नितीनला हाक मारून म्हणाली, "ओट्यावर ऊन येणाऱ्या घराचा आकडा दे." ते घर आम्हाला मिळालं. आता मी ओट्याशी बसून लसूण सोलते तेव्हा पाठ शेकते. वेशीचं काय व्हायचं ते होवो.

घर बदललं तरी कर्णिक पलीकडच्या गल्लीतच आहे. परवा सकाळी मला रस्त्यात भेटला. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही, पाठीवर काही नाही.

"दप्तर कुठंय?"

"आज स्टेशनवर निघालोय. ट्रेनने शहरात जाऊन येतो."

"काम काय?"

"काम नाही. त्या रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत बसून बघतो एकदा." चार पावलं पुढे जाऊन वळला. "गौरी नाताळात येतेय. तिलाही ट्रेनने नेईन म्हणतो."

तो गेला. मला कोथिंबीर आणायची होती. डेअरी उलट्या दिशेला आहे, ते मला माहीत आहे. मी रुळांकडच्या वाटेने गेले आणि जाळीपाशी थांबले. गाडी आली. खिडक्यांत सगळी डोकी फोनात घातलेली. एकच टक्कल काचेला टेकलेलं होतं, उन्हात चमकत, बाहेर बघत.

मी पिशवी खाली ठेवली आणि हात केला.