उकिडवा बसून दाखव

माझी बायको मार्था आणि मी, आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे शेजारच्या बबनला अंगणात उकिडवं बसवलं. मी त्याचा दंड धरला होता आणि मार्था समोर खाटेवर मेथी निवडत होती.

"बस खाली."

"बसतो की मावशी. त्याला काय हुतंय?"

"तोंडानं न्हाई, गुडघ्यानं बस."

बबन अर्धा वाकला. घाम फुटला, मिशी थरथरली, आणि गडी वर तोंड करून म्हणतो, "ठीक हाय!" मार्थानं मेथीची काडी त्याच्या डोक्यात मारली. "परेड संपली तुझी. आता दुखतंय ते सांग."

हे वाक्य तिनं देवळाली प्रवऱ्यातल्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या सगळ्या माजी सैनिकांना ऐकवलंय. इतर बाया कुणी भेटलं की बरं हाय का म्हणून विचारतात. ही सैनिक दिसला की म्हणायची, खाली बसून दाखव. बाजारात, चर्चच्या दारात, कुठंही. एका लग्नात तर तिनं नवरदेवाच्या बापालाच मांडवात खाली बसवला. त्याला उठवायला करवल्या धावल्या. "बघा," मला म्हणाली, "ह्याचा गुडघा गेलाय, आन् बोर्डाला सांगून आलाय ठणठणीत हाय."

बोर्ड म्हणजे डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड. नोकरीत शरीराचं काय नुकसान झालं ते तिथं तपासतात आणि त्यावर अपंगत्वाची पेन्शन ठरते. आम्हा फौजी लोकांची खोड अशी, की समोर अधिकारी दिसला की टाचा जुळतात, छाती पुढं येते आणि तोंडातून आपोआप 'ठीक हूँ साब' निघतं. वर बोर्डाच्या दिवशी दाढी घोटायची, बूट चमकवायचे आणि दुखण्याची गोळी खाऊन जायचं. का, तर साहेबापुढं लंगडत कसं जायचं! बाहेर गर्दी, डॉक्टर घाईत. गडी ताठ चालत आला की ते चालतोय असं लिहून मोकळे.

मार्थाला हे कळलं ते माझ्यामुळं. मी तोफखान्यातला माणूस, कान तोफांना देऊन घरी आलो. पण ओठ दिसले की मला बोलणं कळतं. बोर्डात डॉक्टर समोर बसून विचारत गेले, मी ओठ बघून धडाधड उत्तरं देत गेलो. पास! लई खुशीत बाहेर आलो आणि बाकावर बसलेल्या मार्थाला सांगितलं. तिनं मला मनगटाला धरून परत आत नेलं. दारावरचा शिपाई नको नको म्हणत राहिला.

"डाक्टरसायेब, ह्यांना तोंड दाखवू नका. पाठीमागून विचारा."

डॉक्टर तरुण होते, पण मनानं मोठे. रागावले नाहीत. "मावशी, खरं म्हणजे अशीच करायची असते ही तपासणी. घाईत राहिलं," म्हणाले आणि उठून माझ्या पाठीमागं गेले. त्यांनी काय विचारलं ते मला अजून माहीत नाही. माझी पेन्शन लागली ती अशी.

देव त्या माणसाचं भलं करो. तेव्हापासून ते बहिऱ्याला पाठमोरा करतात, गुडघेवाल्याला खाली बसवतात आणि आधी विचारतात, "गोळी खाऊन आलात का?" मार्था कुणाला घेऊन आली की तिच्यासाठी आत खुर्ची टाकायला सांगायचे.

नाटक मात्र तिला चालत नसे. एक जण आमच्या अंगणात बोर्डाच्या तालमीला आला आणि दोन्ही पायांनी लंगडायला लागला.

"दुखतोय कंचा?"

"डावा."

"मग उजवा काय त्याच्या सोबतीला निघालाय? जेवढं दुखतंय तेवढंच दाखव. कमी न्हाई, जास्त न्हाई."

बबनचा गुडघा बर्फात पहाऱ्यावर घसरून गेला. पहिल्या बोर्डात तो गोळी खाऊन, कडक सलाम ठोकून आला आणि नुकसान काही नाही असं ठरलं. पुढं शुगर फॅक्टरीच्या गेटवर वॉचमन झाला, तर उभं राहवेना. ती नोकरीही गेली. लई खटपटीनं फेरतपासणीची तारीख मिळाली होती. पुन्हा ठीक ठरला असता, तर संपलंच असतं. मार्था बरोबर जाणार होती.

मेथीची भाजी झाली, जेवणं झाली. जरा पडते म्हणून मार्था आडवी झाली, ती उठलीच नाही. गावातले डॉक्टर म्हणाले, हृदय. मग बबनची बायको रडत म्हणाली, मावशीच्या छातीत कधीपासून कळा यायच्या, पण कुणाला सांगू नको म्हणायच्या. साऱ्या गावाची मास्तरीण, आणि स्वतः नापास.

दुसऱ्या दिवशी पाळकांनी प्रार्थना केली. मातीला माजी सैनिक एवढे आले, की मूठमाती द्यायला रांग लागली. आणि एकेक जण कबरीपाशी नीट उकिडवा बसला. ज्याचा गुडघा वाकत नव्हता त्यानंही वाकवला आणि "दुखतंय गं मावशी!" म्हणून मोठ्यानं ओरडला. मला तिथं हसू आलं. अशी बाई देवानं माझ्या पदरात टाकली, त्याचे उपकार कसे मानू?

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बबनची तारीख होती. तो दारात आला. "ऱ्हाऊ द्या काका. तुमच्या घरात एवढं झालंय. मी जातो एकटा."

मी बघितलं, दाढी घोटलेली, बूट चमकवलेले. "गोळी खाल्ली का?"

मी हात पुढं केला. त्यानं मूठ उघडून गोळी माझ्या हातावर ठेवली. पहिल्या एसटीनं आम्ही नगरला गेलो.

बोर्डात त्याच डॉक्टरांनी आम्हाला बघून खुर्ची टाकायला सांगितली, आणि दाराकडं बघत राहिले. "मावशी?"

"काल माती झाली साहेब."

डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. मग बबनकडं वळले. बबन ताठ. "ठीक हूँ..."

"बस खाली," मी म्हणालो.

तो बसायला गेला आणि अर्ध्यावरच कळवळून जमिनीवर टेकला. डॉक्टर त्याच्याजवळ खाली बसले. दोन्ही हातांनी गुडघा वाकवून, फिरवून बघितला, आणि बराच वेळ लिहीत राहिले. "ह्या वेळी सगळं कागदावर आलंय," म्हणाले.

मग माझ्यासमोर येऊन, मला ओठ दिसतील असं, सावकाश विचारलं, "आणि बाबा, तुम्ही कसे आहात?"

माझ्या टाचा जुळल्या. "ठीक हूँ साब."

बबनला अजून उठता आलं नव्हतं. त्यानं खालूनच माझं धोतर ओढलं. मी वाकून त्याच्या ओठांकडं बघितलं. "काका, परेड संपली."

मी मार्थाच्या खुर्चीत बसलो आणि कुठं दुखतंय ते डॉक्टरांना सांगितलं.