नानांचं नाक

दोंडाईच्याला मिरचीच्या हंगामात अख्खं गाव शिंकतं. पण एका शिंकेसरशी कारखाना बंद पडावा, असा मान फक्त नानांच्या नाकाला होता.

नाना म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या तिखटाच्या चक्कीचे मालक. दुपारी जेवण झालं की हा माणूस ऑफिसातला पंखा सोडून चक्कीच्या मागे, जिथं भुकटीचा झोत थेट गल्लीत येतो तिथं, लोखंडी खुर्ची टाकून बसायचा. पांढरी टोपी, मिटलेले डोळे, नाक वर. शिंक आली की आत ओरडायचा, "शिंक उनी, बंद करा!" मग धूळ अडवायची कापडं झटकायची, फटी बुजवायच्या, तेव्हा कुठं चक्की पुन्हा सुरू. मजूर कुरकुरायचे, गिऱ्हाईक खोळंबायचं. नानांचं उत्तर ठरलेलं: "धंदा मना, धूय मनी. मंग नाक दुसरानं काबर?" म्हणजे धंदा माझा, धूळ माझी, मग नाक दुसऱ्याचं कशाला?

मला हे पटत नव्हतं. अजूनही पटत नाही. गल्लीनं किती धूळ खायची, हे मालकाच्या नाकानं का ठरवावं? तसं पत्रक मी लिहिलं, छापलं आणि पहिली प्रत नानांनाच दिली. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "'नफेखोर' जरा मोठा अक्षरमा छाप माय. म्हातारासले दिसत नही."

असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

गावातल्या मिरची व्यापाऱ्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून रस्त्याकडेला रोपं लावली. प्रत्येक रोपापुढे रोपापेक्षा उंच पाटी. नानांनी पाटीला नकार दिला. "झाडे शिंकतस नही, म्हनीन यासले झाडे आवडतस. पहिले आपली धूय आवरा!"

आणि मग हिवाळ्यात एका दुपारी गल्ली लालभडक झाली. बायका पदर नाकाला लावून दारं लावत होत्या. समोरच्या दमेकरी अक्का ओट्यावर वाकून धापा टाकत होत्या. नाना खुर्चीत शांत. डोळे मिटलेले, नाक वर.

मी भडकले. "नाना, हे नाटक बंद करा! अक्का मरायला टेकल्यात!"

त्यांनी डोळे उघडले. अक्कांकडे पाहिलं, माझ्या वाहत्या डोळ्यांकडे पाहिलं आणि धडपडत आत धावले. चक्की थांबली. मुठीत तिखट घेऊनच ते बाहेर आले. माझ्यासमोर त्यांनी ते नाकाशी धरलं, ओढलं. काहीच नाही. मी तीन हात लांब उभी राहून शिंकले.

"मांगला महिनामा ताप येई गया, तवयपासून मनं नाक मरी गयं, माय," नाना खुर्चीत बसत म्हणाले. "आते माले कसं समजी?"

मग मागच्या खिडकीकडे बोट दाखवलं. घर चक्कीला लागूनच. नानांची बायको, आमच्या काकू, हयात असताना त्या खिडकीत शिंकायच्या आणि नाना चक्की थांबवायचे. "इतला आवाजमा बी तिनी शिंक माले आयकू ये. ती गयी, मंग खुर्ची टाकी."

मी मागणीच केली. मला तेवढंच येतं. "चक्की थांबवायचा हक्क गल्लीला द्या."

वाटलं, आता तरी भडकतील. नानांनी दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावला आणि अक्कांच्या ओट्यावर बेलचं बटण बसवलं. आठवडाभरात झोतावर धूळ धरणाऱ्या जाड पिशव्याही आल्या. बाकीच्या चक्कीवाल्यांनी खिल्ली उडवली: "नाना, गल्लीले भागीदार करं का?" नाना म्हणाले, "करं ना. तुम्हीन बी करा." परवा त्यातला एक जण पिशव्यांचा भाव विचारून गेला. त्याच्यासाठी माझ्याकडे पत्रक तयार आहे.

काल मी अक्कांकडे बसले होते. चक्की धडधडत होती. एखादी पिशवी सुटली असावी, बारीकशी लाली आली. अक्का उठून बटणाकडे निघाल्या आणि वाटेतच सणसणीत शिंकल्या.

चक्की थांबली.

नाना लगबगीनं बाहेर आले. टोपी लाल, चेहरा फुललेला.

"नाना, बेल तर वाजलीच नाही," मी म्हटलं.

"शिंक आयकू उनी!" ते म्हणाले. मागच्या खिडकीकडे एकदा पाहिलं आणि सुटलेली पिशवी बांधायला आत गेले.