मुदतीआधी मोकळी

पैशाच्या बाबतीत आपल्याला कुणी गंडवू शकत नाही, अशी राजनंदिनीची ठाम समजूत होती. दूधवाल्याच्या खाड्यांपासून पोरीच्या तापापर्यंत सगळीकडे तिची घारीसारखी नजर. नव्या घराच्या फर्निचरसाठी काढलेलं कर्ज मात्र तिला चपलेतल्या खड्यासारखं टोचायचं. म्हणून तिने शिकवण्यांचे आणि भिशीचे पैसे गुपचूप साठवले, नवरा-बायकोच्या सामाईक खात्यात टाकले आणि श्रीपूरच्या बहिणीला फोन लावला.

"ताई, अजून नऊ महिने कोण ओझं वागवणार? मी आधीच मोकळी होते. मग हप्त्याचेच पैसे दरमहा म्हातारपणासाठी टाकायचे, करही वाचतो. ह्यांना सांगितलं नाही हं. शनिवारी सरप्राइज!"

आत सासूबाई, कस्तुराबाई, चटणीसाठी शेंगा कुटत होत्या. उखळाच्या आवाजात त्यांच्या कानी तीनच गोष्टी पडल्या: नऊ महिने, ओझं, मोकळी. त्यांना तेवढ्या पुरल्या.

दुसऱ्या दिवशी राजनंदिनीने पाण्याची बादली उचलली, तर सासूबाईंनी ती हिसकावूनच घेतली.

"ठेव खाली. वाकू नगंस."

"का हो, आत्या?"

"का म्हनं! लई शिकलीस म्हनून काय बी उचलायचं व्हय?"

ताटातली शेंगाचटणी गेली, भातावर तूप आलं. बिभीषण, म्हणजे नवरा, नवी पेठेतून चक्क न सांगता सफरचंदं घेऊन आला. सहा वर्षांच्या संसारात त्याने न सांगता फक्त पाहुणे आणले होते.

राजनंदिनीला वेगळाच संशय आला. गेल्याच आठवड्यात तिचं रक्त तपासलं होतं आणि रिपोर्ट बिभीषणनेच आणला होता. हे लोक काहीतरी लपवताहेत! त्यात शुक्रवारी सासूबाईंना कुंभारीच्या बहिणीशी फोनवर कुजबुजताना तिने ऐकलं, "दिस भरंपतूर जपाय पायजे गं पोरीला."

दिवस भरले! म्हणजे आपण आता थोड्याच दिवसांच्या सोबती, असं राजनंदिनीने धरलं. चार वर्षांच्या लेकीला, संस्कृतीला, जवळ ओढून तिने तिचे पटापट मुके घेतले. मग डोळे पुसून ठरवलं, निदान कर्ज तरी मागे ठेवायचं नाही.

शनिवारी सकाळीच कर्ज फेडायला तिने मोबाइलवर खातं उघडलं. आत फक्त दुधाच्या बिलापुरते पैसे उरले होते! तेवढ्यात खाली हॉर्न वाजला.

दारात झेंडूचा हार घातलेली पांढरी मोटार. शेजारी बिभीषण, आताच बाप झाल्यासारखा हसत.

"दवाखान्यात काय रिक्षाने जाणार होतीस? खात्यात पैसे दिसले, म्हटलं तयारी करून ठेवलीय बाईसाहेबांनी. डाउन पेमेंट भरून टाकलं."

"म्हणजे मी किती दिवस आहे?" तिने विचारलं.

"ते तूच सांगायचं. आई म्हणाली, नऊ महिने पण थांबणार नाहीस."

"कशाला थांबू?"

"अगं, बाळाला!"

"कुठलं बाळ? अहो, मी कर्जातून मोकळी होणार होते!"

सासूबाईंच्या हातातलं ओवाळणीचं तबक कलंडलं. "आनि मी साऱ्या कुंभारीला सांगून बसले की," त्या पुटपुटल्या.

"म्हणजे मी आजारी नाही?"

"तू? रिपोर्ट एकदम झकास आहे," बिभीषण म्हणाला. "आजारी आता मी पडणार."

राजनंदिनीला रडायचं होतं, पण फुटलं ते हसू. आपण चांगल्या ठणठणीत आहोत, या आनंदात तिने नवऱ्याला भर रस्त्यात मिठी मारली. मग सवयीप्रमाणे तिची नजर सावध झाली.

"हप्ता किती बसतो?"

"अगदी थोडा! मुदत जरा लांबची घेतलीय," तो आवाज बारीक करत म्हणाला. "चौऱ्याऐंशी महिने."

सासूबाईंनी तबक सावरलं आणि सुनेकडे कणवेनं बघितलं.

"चौऱ्याऐंशी? बया! हत्तीन बी येवढं वागवत न्हाय गं!"