खिडकीकडची खाट

शिंपीबुवांना कणकण आली आणि घरादाराच्या तोंडचं पाणी पळालं. साथ जोरात होती आणि घर म्हणजे एक खोली. त्या खोलीत शिंपीबुवा, त्यांची बायको, छातीने नाजूक असलेली म्हातारी आई आणि शिलाई मशीन. यातलं मशीन तेवढं निर्धास्त होतं.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या खोलीत राहा. हवेशीर."

"पण डॉक्टर, खोली एकच आहे."

"बरं, मग दुसरीत राहा," म्हणून त्यांनी फोन ठेवला. बिचाऱ्यांना त्या दिवसांत ऐकायलाही सवड नव्हती.

शिंपीबुवांना स्वतःचं काही वाटत नव्हतं. पण आपल्यामुळे आईला काही झालं तर? अंगात ताप घेऊन ते मशीनवर बसले आणि अस्तराच्या कापडाचा पडदा शिवला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. हाडाचा कारागीर. कडांना दुहेरी शिवण, खाली जाड दुमड. पडदा असा चोख बसला की मुंगीलासुद्धा वाट राहिली नाही. खिडकीकडे मशीनशेजारी खाट टाकून पेशंट झोपला, शेगडीकडे बाकीचे.

खोलीला खिडकी एकच आहे, हे मात्र कारागिराच्या ध्यानात आलं नाही.

बायकोने शेगडीवर मिरच्या परतल्या. धुराने इकडेतिकडे वाट शोधली आणि शेवटी सासू-सुनांच्या नाकात मुक्काम ठोकला. दोघी खोकून खोकून बेजार झाल्या. शेजारच्या मास्तरांनी भिंतीवर थाप मारली.

"अहो, घरात आजारी किती जण?"

"एकच!" बायको कशीबशी ओरडली.

"मग खोकतंय कोण?"

"बाकीचे!"

हे ऐकून मजल्यावरची सगळी दारं धडाधड बंद झाली. दूधवाला पिशवी जिन्यातच ठेवून पळाला. पलीकडे शिंपीबुवा मोकळ्या वाऱ्यात ढाराढूर झोपले होते. दोन दिवसांत ताप पळाला, गालांवर तुकतुकी आली. घरात आजारी माणूस तेवढा ठणठणीत होता.

रिपोर्ट आला. साधी सर्दी! शिंपीबुवांनी आनंदाने पडद्याचं एक टोक सोडवलं, तोच आई खोकली. चांगली लांबलचक, सुरात.

शिंपीबुवा पडदा सोडून तिच्याकडे धावले. "आई! कधीपासून गं?"

"आत्तापासून," आई म्हणाली आणि पुन्हा खोकली. खोकताना तिचे डोळे खाटेवर होते. "खोकणाऱ्याला खिडकी मिळते ना?"

"आई, खोटं खोकतेस?"

"या घरात माझा जन्म गेला," आई म्हणाली. "पण खिडकीपाशी कायम तुझं मशीन. तिथे वारा येतो, हे मला तू आजारी पडल्यावर कळलं रे."

शिंपीबुवांना गलबलून आलं. त्यांनी पडदा उतरवला, मशीन उचलून शेगडीशेजारी नेलं आणि आईला हात धरून खाटेवर बसवलं. वाऱ्याने तिचे पांढरे केस भुरभुरले. तिने डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी बायकोने शेगडी पेटवली. शिंपीबुवा अंधुक उजेडात सुईत दोरा ओवत होते. त्यांनी हळूच एकदा खोकून पाहिलं.

"उगाच खोकू नका," बायको म्हणाली. "आईंनंतर माझा नंबर आहे."