पाणबुड्याचं शेवटचं पान

“बघणाऱ्याच्या डोळ्यांत जे पाणी आणत नाही, ते चित्र भिंतीवरचा डाग झाकायला ठीक आहे.”

चित्रकलेच्या मास्तरांचा तो घोगरा आवाज. मास्तर जाऊन तीस वर्षं झाली, पण आवाज काही जायला तयार नव्हता. चित्रकाराने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं की तो कानाशी येऊन बसायचा, उन्हाळ्यात माठाशी मांजर बसावं तसा.

म्हणून तर अठरा वर्षं, दर महिन्याला एक, अशी जी ‘पाणबुड्या’ची चित्रकथा तो लिहीत आणि काढत आला, तिच्या प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर कोणी ना कोणी मरायचं. पाणबुड्या म्हणजे जहाजांचे तळ दुरुस्त करणारा एक साधा कारागीर. पाण्याखाली शूर, पाण्यावर लाजाळू. एकतीस पानं तो हसवायचा, धावायचा, शार्कच्या नाकावर पाना मारायचा. बत्तिसाव्या पानावर मात्र त्याचा मित्र जायचा, नाहीतर बोट, नाहीतर पाळलेलं कासव. एकदा तर एक अख्खं बंदर गेलं.

“माझा वाचक शेवटच्या पानावर रडतो,” चित्रकार अभिमानाने सांगायचा. “पैज लावा.”

आता मालिका संपत होती. शेवटच्या अंकाचं शेवटचं पान त्याच्या पिशवीत होतं आणि त्या पानावर खुद्द पाणबुड्या बुडत होता. पाच वाजता छापखान्यात पान द्यायचं. दिलं की सुटलं. दाढी-मिशी नीट करावी, उद्या निरोपाचा फोटो आहे, असं मनाशी म्हणत तीन वाजता तो छापखान्याच्या अलीकडच्या एका अनोळखी सलूनमध्ये शिरला.

आत दोनच खुर्च्या, त्यांतली एक मोडकी. आरशावर पाटी होती: ‘राजकारण बोलू नये. नुकतंच काय पाहिलं, वाचलं, खेळलात आणि आवडलं, ते सांगावं.’ सलूनवाला उंच, सडपातळ, हात वाऱ्याने हलणाऱ्या फांदीसारखे. त्याला सगळे उस्ताद म्हणत. बाकावर दोघं बसले होते: बँकेचा गार्ड, आणि शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर. आणि त्या दोघांच्या मधे, गुडघ्याइतका उंच गठ्ठा, सगळा पाणबुड्या!

चित्रकाराचं काळीज भाकरीसारखं टम्म फुगलं. आपण कोण ते सांगायचं नाही, त्याने ठरवलं. गुपचूप बसायचं आणि वाचकाच्या तोंडून ऐकायचं.

“बसा साहेब, या दोघांचं झालंय, नुसते गप्पांना थांबलेत,” उस्ताद म्हणाला आणि त्याने साबणाचा फेस घुसळायला घेतला. “हां, गार्डसाहेब, तुमचं सांगा.”

“मी मोबाइलवर नवीन गेम घेतलाय,” गार्ड म्हणाला. “तिजोरी राखायची असते.”

“अरे, दिवसभर तेच करतोस ना?” कंपाउंडर म्हणाला.

“दिवसभर राखतो, पण येतं कोण? नऊ वर्षांत एक कुत्रं आलं. गेममध्ये निदान चोर तरी येतात. माणसाला कामाचं चीज झाल्यासारखं वाटतं.”

“आणि तुम्ही?” उस्तादने कंपाउंडरला विचारलं.

“मी सिनेमा पाहिला,” कंपाउंडर म्हणाला. “गाणी छान. पण नायक दोन तास खोकतो, आणि घरातला एकही माणूस त्याला औषध देत नाही. नुसते खिडकीशी उभे राहून गातात. मी खुर्चीत तळमळत होतो हो. सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा दिला असता तर मध्यंतराच्या आत नाचायला लागला असता.”

उस्तादने चित्रकाराच्या खांद्यावर वस्तरा पुसायचा कागद ठेवला, डावा गाल साफ केला, आणि मिशीच्या कडेला वस्तरा लावत विचारलं, “आणि साहेब, तुम्हाला काय आवडलं?”

हीच ती घटका. “मी आपला पाणबुड्या वाचतो,” चित्रकार लाजत म्हणाला. “या महिन्याचा दीपस्तंभाचा अंक... बरा वाटला.”

“बरा?” गार्ड उठून उभाच राहिला. “अहो, काय शेवट आहे! तो दीपस्तंभवाला म्हातारा आणि पाणबुड्या रात्रभर पत्ते खेळतात, आणि म्हातारा फसवून जिंकतो.”

“आणि पाणबुड्याला कळलेलं असतं, पण तो बोलत नाही,” कंपाउंडर म्हणाला. “वा.”

चित्रकाराला वाटलं, कानात फेस गेला. “पत्ते? म्हातारा वादळात मरतो.”



“कुणी सांगितलं तुम्हाला?” गार्ड म्हणाला. “म्हातारा ठणठणीत आहे.”

“अहो, मेलाय तो! शेवटच्या पानावर आहे!”

“शेवटच्या पानाचं काय ते उस्तादला विचारा. आम्हाला तर तोच सांगतो.”

एवढ्यात चित्रकाराचं लक्ष आरशात गेलं. आपल्याच खांद्यावर, फेसाच्या दोन रेघांखाली, एक ओळखीचा म्हातारा ओळखीच्या वादळात शेवटचा श्वास घेत होता. पान बत्तिसावं. चित्रकाराने मान गर्रकन वळवली. वस्तरा होता तिथेच होता. मान तेवढी नव्हती.

अर्धी मिशी अलगद मांडीवर येऊन पडली.

“हलू नका म्हणतो ते काय उगाच?” उस्ताद कळवळून म्हणाला. मग तिघांनी आळीपाळीने लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. उरलेली अर्धी ठेवली तर माणूस वाऱ्यात उडणाऱ्या पडद्यासारखा दिसतो, यावर एकमत झालं. दुसरी बाजूही गेली.

चित्रकार संतापून उठला. गठ्ठ्यातला एकेक अंक उचलून त्याने मागून उघडला. सगळ्यांची शेवटची पानं गायब. “मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?” त्याने एका अंकाच्या पाठीवरचा स्वतःचा फोटो त्यांच्यापुढे धरला. “हा मी!”

गार्डने अंक हातात घेतला. सवयीने एकदा फोटोकडे, एकदा चेहऱ्याकडे पाहिलं. “या माणसाला मिशी आहे,” तो सौम्यपणे म्हणाला.

“आत्ता तुमच्यासमोर गेली ना ती!”

“साहेब, मिशी गेलेला माणूस स्वतःला कोणीही म्हणवू शकतो. आमच्याकडे असं चालत नाही.”

मग पिशवीतून पान बाहेर काढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. अजून कुठेही न छापलेलं, काळ्या शाईचं, ताजं. तिघंही त्यावर वाकले. खोल, काळं पाणी. त्यातून खाली जाणारा पाणबुड्या. वर जाणारा एक बुडबुडा.

गार्डने टोपी काढून काखेत धरली.

“इतक्या लवकर माणूस जात नाही,” कंपाउंडर पुटपुटला. “वर काढा, छाती दाबा. मी करतो, शिकलोय मी.” आणि त्याचा हात खरंच कागदाकडे गेला.

उस्तादने चित्रकाराला खांद्याला धरून परत खुर्चीत बसवलं आणि पान त्याच्या मांडीवर ठेवलं. उजवा गाल अजून फेसातच होता.

“का फाडता तुम्ही?” चित्रकाराने विचारलं. आवाजातला राग आता पातळ झाला होता.

“फार जुनी गोष्ट आहे. याच खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं. तुमचा कासवाचा अंक वाचत होतं. मी गळ्याशी आलो आणि त्याला हुंदका आला.” उस्तादने वस्तरा उजेडात धरून पाहिला. “हुंदका आला की गळा हलतो, साहेब. वाचला तो, नशीब त्याचं. त्या दिवसापासून अंक आला की शेवटचं पान आधी काढून घेतो. ते फेस पुसायला होतं. मागचं फोटोचं पान जाड, त्याने फेस पुसत नाही. आणि लोक विचारतात, पुढे काय झालं, तर सांगावं लागतं काहीतरी. असं, की ऐकताना मान हलू नये.”

“आणि कासव? त्याचं काय केलंत?”

“त्याला पिल्लं झाली. पाच.”

“सात,” कंपाउंडर म्हणाला. “मला सात सांगितली होतीत.”

चित्रकार हसला. बिनमिशीचं हसू आरशात फार उघडं दिसलं, दार उघडं राहिलेल्या घरासारखं. त्या हसण्यातच हनुवटी थरथरू लागली. उस्तादने वस्तरा चटकन वर उचलला आणि तो तसाच, हवेत धरून, शांत उभा राहिला. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते.

“घाई नाही,” उस्ताद म्हणाला. “मान थांबली की सांगा. तोवर मी कागद बघतो. खांद्यावरचा भरला.”

तो कप्प्यात हात घालून शोधू लागला. चित्रकाराने मांडीवरचं पान उचललं. काळं पाणी, बुडबुडा, अकरा दिवसांची मेहनत. क्षणभर धरलं, आणि स्वतःच्या हाताने उजव्या खांद्यावर, चित्र वर करून, नीट पसरून ठेवलं.

“याच्यावर पुसा,” तो म्हणाला.

गार्डने टोपी घातली. कंपाउंडर खाली बसला.

“मग पाणबुड्याचं काय होतं पुढे?” उस्तादने हळूच विचारलं. “तुम्ही सांगणार, का मी सांगू?”

“तुम्हीच सांगा,” चित्रकार आरशाकडे बघत म्हणाला. “खरं सांगू का? अठरा वर्षं कुणाला बोललो नाही. मला शेवट सुचतच नाहीत हो. सुचला नाही, की मी आपला कुणालातरी मारून टाकतो.”